लिव्हरपूलच्या धक्क्यावरचे नाते

दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात बोटीवर कोणी गेला नाही असे जुने घर सापडणे कठीण. कोणी सारंग झाला, कोणी टंडेल, बाकीचे साधे खलाशी. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत नोकरीचे पुस्तक आणि भिंतीवर बोटीच्या कठड्याला टेकून काढलेला एक फोटो, ही आमच्याकडची ठरलेली मांडणी. थोरांच्या तोंडी लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल ही नावे इतकी सहज येत की लहानपणी लिव्हरपूल हे चिपळूणच्या पुढचेच एखादे गाव असावे असे आम्हाला वाटे.

आमच्या दादाजींचे धाकटे भाऊ त्याच लिव्हरपूलकडे गेले ते परतले नाहीत. लढाई सुरू झाली, काही दिवस पैसे येत राहिले, मग तेही थांबले. मागे राहिल्या त्यांच्या बीवी, म्हणजे आमची छोटी दादी, आणि एक मुलगा. शेवटच्या पाकिटातून म्हणे एक फोटो आला होता. तो दादीने ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि कुलूप घातले. त्यात काय आहे हे घरातल्या मोठ्यांना माहीत होते. आम्ही पोरांनी विचारले की दादी म्हणे, ‘‘जा, विहिरीवर जाऊन या.’’

ही हकीगत आम्ही जवळजवळ विसरलो होतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको भाच्याकडे लिव्हरपूलला महिनाभर राहायला गेलो, तेव्हा ती पुन्हा समोर येईल असे मनातही नव्हते. भाचा तिथल्या एका इस्पितळात नोकरीला आहे. घर लहान, भिंतीला भिंत लागून. पलीकडच्या घरात ऐंशीला टेकलेली एक इंग्रज बाई एकटी राहते. भाच्याच्या मुलांची ती ‘नॅन’. लिव्हरपूलमध्ये आजीला नॅन म्हणतात. रमजानमध्ये इफ्तारचे ताट तिच्याकडे जाते, नाताळात तिच्याकडून मुलांना मोजे येतात.

आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात ती दारात उभी राहून म्हणाली, ‘‘शनिवारी माझा भाऊ येतोय. तुम्ही सगळ्यांनी यायचं.’’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘मी त्याला कधी पाहिलेलं नाही.’’

ऐंशीव्या वर्षी भावाला पहिल्यांदा पाहायचे, हे आम्हाला कळेना. भाचेसुनेने समजावून सांगितले. बाईचे वडील चिनी होते, शांघायहून आलेले खलाशी. ती वर्षाची असताना ते गेले. आता त्यांचा चीनमधला मुलगा आपल्या मुलाला आणि नातवाला घेऊन येत होता.

शनिवारला अजून दोन दिवस होते. नॅनच म्हणाली, ‘‘चला, आधी तुम्हाला जागा दाखवते. नाहीतर शनिवारी काय चाललंय ते तुम्हाला समजायचं नाही.’’

बसने आम्ही पियर हेडला गेलो. मर्सी नदी इथे आपल्या दाभोळच्या मुखासारखी रुंद होते, पाणीही तसेच गढूळ. धक्क्यावर 1911 साली बांधलेली लायव्हर बिल्डिंग उभी आहे. तिच्या दोन मनोऱ्यांवर दोन भलेमोठे तांब्याचे पक्षी आहेत, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. एकाची नजर पाण्याकडे, दुसऱ्याची शहराकडे. लोक गमतीने सांगतात की एक बोटीवरच्यांची वाट पाहतो आणि दुसरा त्यांच्या घरच्यांवर लक्ष ठेवतो.

जवळच एक पाटी आहे. 2006 साली खलाशांच्या मुलांनी, म्हणजे तोपर्यंत साठीला आलेल्या मुलांनी, ती बसवून घेतली. ज्या चिनी खलाशांनी दोन्ही महायुद्धांत या देशाची सेवा केली, ज्यांना नंतर देश सोडायला लावले, त्यांच्या बायका आणि वडिलांना न ओळखलेली त्यांची मुले, या सगळ्यांसाठी ती आहे. नॅनने पर्समधून रुमाल काढून पाटी पुसली. आमच्या बायका कबरीवरची पाने बाजूला करतात तशी.

तिने तिथे बाकावर बसून सांगितले आणि पुढे आम्ही जे वाचले त्याचा सारांश असा.

लिव्हरपूल आणि चीन यांचे नाते 1860 च्या दशकापासूनचे. आल्फ्रेड होल्ट यांच्या कंपनीने, जिला ब्लू फनेल लाइन म्हणतात, लिव्हरपूलहून चीनला आगबोटी सुरू केल्या. चिनी खलाशी कमी पगारात मिळत, म्हणून त्यांची भरती होई. त्यातले काही बंदराजवळच्या पिट स्ट्रीट भागात राहू लागले. खाणावळी, धोब्याची दुकाने आणि खलाशांच्या राहण्याच्या खोल्या यांची एक वस्तीच झाली. दुसऱ्या महायुद्धात तर लिव्हरपूल हे चिनी खलाशांचे मोठे ठाणे बनले. वीस हजारांपर्यंत चिनी खलाशी या बंदराशी बांधलेले होते. अटलांटिकमधून अन्नधान्य, तेल आणि दारूगोळा आणणाऱ्या बोटींवर ते होते. जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडवल्या तेव्हा तेही बुडाले. पगार मात्र इंग्रज खलाशापेक्षा कितीतरी कमी, आणि लढाईच्या धोक्याचा भत्ताही बरोबरीचा नाही. 1942 साली त्यांनी संप केला, तेव्हा थोडे पदरात पडले. कोकणातल्या खलाशांची कहाणी याहून वेगळी नव्हती. तीच बोट, तोच पाणबुडीचा धोका, आणि पगारपत्रकात वेगळी रांग.

या खलाशांपैकी कित्येकांनी लिव्हरपूलच्या मुलींशी लग्ने केली. त्या काळच्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करून त्याचे नागरिकत्व घेणारी इंग्रज बाई स्वतःच्या देशात परकी ठरे. 1948 चा कायदा होईपर्यंत हे असेच चालले. म्हणजे ज्या गल्लीत जन्मली त्याच गल्लीतल्या पोलीस चौकीवर तिला परदेशी म्हणून नोंद करावी लागे.

लढाई संपली. 19 ऑक्टोबर 1945 रोजी लंडनमध्ये गृहखात्यात एक बैठक झाली आणि एक फाइल उघडली गेली. फाइलीवर विषय होता, नको असलेल्या चिनी खलाशांची सक्तीची परतपाठवणी. पुढच्या काही महिन्यांत पोलिसांनी खाणावळी आणि राहण्याच्या खोल्यांवर छापे घातले. शेकडो माणसे बोटींवर चढवली गेली. काही जण घरी ‘आत्ता येतो’ सांगून बाहेर पडले होते. बायकांना कोणी काही कळवले नाही. पुष्कळ जणी पुढची पन्नास वर्षे हेच धरून बसल्या की नवरा आपल्याला टाकून गेला. 1946 साली त्यांतल्या काही जणी एकत्र आल्या, वर्तमानपत्रांतून त्यांनी दाद मागितली. पण माणसे परत आली नाहीत. कागद अभिलेखागारात बंद राहिले. मुलांनी म्हातारपणी ते शोधून काढले तेव्हा कुठे खरे कळले. 2021 साली हा प्रश्न इंग्लंडच्या संसदेतही निघाला.

‘‘आई 1989 मध्ये गेली,’’ नॅन म्हणाली. ‘‘तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणायची, सावकाश चालत गेला, दारात वळून हात केला. पळून जाणारा माणूस हात करतो का?’’

आई पुन्हा लग्न करून गोदीतल्या एका कामगाराच्या घरी नांदली. तो चांगला माणूस होता. मुलीला त्याचेच आडनाव लागले. शाळेत पोरे तिच्या डोळ्यांवरून चिडवत आणि घरी कोणी कारण सांगत नसे. कुरआन शरीफमध्ये मुलांना त्यांच्या खऱ्या वडिलांच्या नावाने हाक मारण्याचा हुकूम आहे. पाळले-पोसले तरी नाव लपवू नये. या हुकमामागची दया आम्हाला त्या बाकावर जितकी समजली तितकी आधी कधी समजली नव्हती. नाव लपवले की मूल आरशात एका अनोळखी माणसाला पाहत वाढते.

तिथून वर चालत गेले की नेल्सन स्ट्रीटची चिनी कमान लागते. मूळचा पिट स्ट्रीट 1941 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि वस्ती इकडे सरकली. कमान शांघायमध्ये घडवून इथे आणली आणि 2000 साली उभी केली. तिच्यावर दोनशे ड्रॅगन कोरलेले आहेत आणि त्यांतले बारा गरोदर आहेत असे सांगतात. आमच्या बायकोला ते पाहून हसू आले. मग तिनेच आठवण करून दिली की आपल्याकडे नात्याला जो शब्द आहे, सिला-रहमी, त्यातला ‘रहम’ म्हणजे आईची कूसच. हदीसमध्ये अल्लाहने हा शब्द आपल्याच ‘रहमान’ या नावापासून काढल्याचे आले आहे, आणि जो नाते जोडील त्याला आपण जोडू, जो तोडील त्याला तोडू असा इशारा दिला आहे.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. भाचा आम्हाला टॉक्स्टेथमधल्या मशिदीत घेऊन गेला. तिचे नाव अल-रहमा. येमेनी, सोमाली, बंगाली, पाकिस्तानी आणि गोरे इंग्रज नमाजीही एकाच सफेत उभे होते. नमाजनंतर नॅनच्या सांगण्यावरून आम्ही ब्रूअम टेरेसला गेलो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी अब्दुल्ला क्विलियम यांचे नाव ऐकले असेल. विल्यम हेन्री क्विलियम हे लिव्हरपूलचे वकील. मोरोक्कोच्या प्रवासानंतर 1887 साली त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि 1889 साली या इमारतीत मशीद सुरू केली. इंग्लंडमधली ती पहिली मशीद. बंदरात उतरलेले हिंदी खलाशी इथे नमाजला येत. कोणी परमुलखात मेला तर क्विलियम त्याच्या जनाज्याची व्यवस्था करत. आईबापांनी टाकलेल्या मुलांसाठी त्यांनी ‘मदीना होम’ नावाचे घरही काढले होते. 1908 साली ते शहर सोडून गेले, मशीद बंद पडली आणि इमारतीत पुढे सरकारी नोंदणी कचेरी आली. जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या तिथे ठेवल्या जात. 2014 साली ती जागा पुन्हा मशीद म्हणून उघडली.

नॅन आमच्याबरोबर आत आली, डोक्यावर ओढणी घेऊन. म्हणाली, ‘‘आईचं माहेर एव्हर्टनचं, म्हणून माझा जन्म याच इमारतीत नोंदवला. माझ्या दाखल्यावर बापाचं खरं नाव आहे. घरात पुसलं, इथल्या वहीत राहिलं.’’

आम्ही दोन रकात नफील अदा केल्या. सलाम फेरताना मनात आले, आमचे छोटे दादाजी लिव्हरपूलला उतरले तेव्हा ही मशीद बंद होती. ते नमाजला कुठे गेले असतील? आणि घरी फोटो पाठवावासा त्यांना का वाटला असेल? ज्याला लपवायचे असते तो फोटो पाठवत नाही.

शनिवारी सकाळपासून नॅनच्या स्वयंपाकघरात पातेले चढले होते. स्काऊस नावाचा मटण-बटाट्याचा रस्सा. मूळ खलाशांचे खाणे. त्यावरूनच लिव्हरपूलच्या लोकांना स्काऊसर म्हणतात. आमच्यासाठी ती मुद्दाम लॉज लेनवरच्या दुकानातून हलाल मटण घेऊन आली होती. ‘‘सगळ्यांना एकच पातेलं,’’ तिने बजावले. तिची दोन मुले, सुना आणि नातवंडे जमली. सगळे पक्के इंग्रज, मोठ्याने बोलणारे. त्या दिवशी मात्र कोणी फारसे बोलत नव्हते.

नाते कसे सापडले तेही सांगायला हवे. चीनमधला हा नातू सूचौच्या विद्यापीठात शिकत होता. तिथे लिव्हरपूल विद्यापीठाच्या भागीदारीत 2006 साली काढलेले एक विद्यापीठ आहे आणि मुले पुढची दोन वर्षे लिव्हरपूलला येऊन शिकू शकतात. निघताना आजोबांनी त्याच्या हातात पणजोबांचा एक फोटो दिला. पणजोबा तरुण, अंगात कोट, मागे त्या दोन पक्ष्यांची इमारत. बाजूला उभे असलेले कोणी तरी कात्रीने कापलेले. फक्त एक हात पणजोबांच्या दंडावर राहिलेला. पोराने इथे येऊन खलाशांच्या मुलांची चौकशी केली, थुंकीच्या चाचणीसाठी नळी भरून दिली. नॅनच्या नातीने तिला वाढदिवसाला तीच चाचणी भेट दिली होती. दोघांचे रक्त जुळले.

दुपारी दोनला गाडी थांबली. पंचाहत्तरीच्या जवळ आलेला एक बारीक माणूस उतरला. मागे त्याचा मुलगा आणि तो नातू. नॅन दारात उभी होती. तिने हात पुढे केला, इंग्रज करतात तसा. त्या माणसाने तो दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, ‘‘ज्येज्ये.’’

नातवाने इंग्रजीत ‘सिस्टर’ असा अर्थ सांगितला आणि लगेच स्वतःला सुधारले. ‘‘नाही, नुसती बहीण नाही. मोठी बहीण. धाकटीला वेगळा शब्द आहे.’’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इंग्रजीत थोरली-धाकटी एकच. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना मिळून एकच आंटी. चिनीत बापाच्या बहिणीला वेगळा शब्द, आईच्या बहिणीला वेगळा. बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. अगदी आपल्यासारखे. आम्ही नॅनला म्हणालो, ‘‘आमच्यात याला आपा म्हणतात. यापुढे तुम्ही घरातल्या थोरल्या.’’ तिने मान हलवली. आयुष्यभर ती एकुलती एक होती.

जेवायला बसल्यावरही बोलणे सरळ होत नव्हते. प्रत्येक वाक्य नातवाच्या तोंडातून जात होते. चहा आला. पाहुण्यांनी आणलेला हिरवा चहा एका किटलीत, इंग्लिश दुसरीत. नॅनने एकाएकी विचारले, ‘‘त्यांनी पत्र का लिहिलं नाही?’’

नातू गप्प राहिला. आजोबा म्हणाले, विचारले ते सांग. त्याने सांगितले. म्हातारा बराच वेळ कपाकडे पाहत होता. मग बोलला ते पोराने तुकड्यातुकड्यांनी सांगितले. पहिल्या वर्षी त्यांनी लिहिले होते, उत्तर आले नाही. मग तिकडे यादवी, 1949 ची क्रांती. कोरियाच्या युद्धानंतर परदेशातून पत्र येणे म्हणजे संकट. पुढे 1966 नंतरच्या दहा वर्षांत तर ज्याचा परदेशाशी संबंध, त्याच्या घराची झडती. घरातली वंशावळीची जुनी वही त्या काळात जाळावी लागली. फोटोतली बाई तेव्हाच कापली. ‘‘माझ्या आईने कापली,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘वडिलांना वाचवायला. उरलेला फोटो तिने रजईत शिवून ठेवला.’’

नॅन म्हणाली, ‘‘तुला ते तीस वर्षं मिळाले.’’

हे तिने रागाने म्हटले की दुःखाने, आम्हाला सांगता येणार नाही. तिच्या मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. नातवाने ते वाक्य भाषांतर करावे की नाही म्हणून बापाकडे पाहिले. पण म्हाताऱ्याला ते आपसूक समजले असावे. तो म्हणाला, ‘‘मी एकदा विचारलं होतं, लिव्हरपूलला काय होतं? ते उठून अंगणात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मग मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्यावर त्यांचा जीव कमी आहे.’’

म्हणजे दोन्हीकडे एकच दुखणे होते. इथल्या लेकराला वाटे, बाप आपल्याला टाकून गेला. तिथल्या लेकराला वाटे, बाप इथे असून आपला नाही. ज्यांनी ती फाइल उघडली त्यांनी माणसे बोटीत भरली तेव्हा या गोष्टींचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहिला असेल?

कोणी काही बोलेना, तेव्हा भाचेसुनेने इंग्लिश चहाची किटली पुढे केली. म्हाताऱ्याने कप पुढे केला आणि दुधाच्या भांड्याकडे बोट दाखवले. दूध घालून चहा पिताना तो हसला आणि नातवाला काही म्हणाला. आमच्या गल्लीत दूध घालून चहा पिणारा एकच माणूस होता, आमचे वडील. दूध मिळेल त्या दिवशी मिळेल तेवढे घालत. शेजारी म्हणत, याचे पोट बिघडले असेल. नॅन ऐकत होती. ती उठून आत गेली आणि पाच मिनिटांनी डोळे धुऊन आली. म्हणाली, ‘‘आईने शिकवलं असणार. ती दूध आधी ओतायची, चहा नंतर.’’ म्हातारा म्हणाला, ‘‘तेही. दूध आधी.’’

संध्याकाळी त्याने पिशवीतून एक नवी वही काढली. जळलेली वंशावळ आठवणीवरून पुन्हा लिहून काढलेली. जुन्या वहीत मुलींची नावे नसत. या वहीत आहेत. वडिलांच्या नावाखाली त्याचे स्वतःचे नाव होते. त्याच्या आधी, उजव्या बाजूला, त्याने थोरल्या बहिणीचे नाव लिहिले. मग तिच्या आईचे नाव कसे लिहितात ते विचारले आणि तेही नातवाकडून इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतले. नॅनच्या मुलांची आणि नातवंडांची नावे लिहीपर्यंत रात्रीचे नऊ झाले. लिव्हरपूलच्या उन्हाळ्यात तेव्हा कुठे सूर्य मावळत होता. आम्ही मगरिबला घरी आलो.

या घरात ना ते मुसलमान, ना आमचे कोणी. तरी त्या रात्री आम्हाला हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र यांचा प्रसंग आठवला. त्यांच्या आई इस्लाममध्ये आलेल्या नव्हत्या. लेकीला भेटायला त्या मदीनेला आल्या, तेव्हा अस्मा यांनी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना विचारले की आईशी नाते ठेवू का? आणि त्यांनी नाते ठेवण्यास सांगितले. आपल्या घरांत कोणी दुसऱ्या धर्मात किंवा दुसऱ्या मुलखात लग्न केले की त्याचे नाव घेणे बंद होते. शरीअतमध्ये वारसा आणि नाते हे दोन वेगळे विषय आहेत. कोणाला वाटा मिळतो, कोणाला मिळत नाही, त्याचे हिशेब ठरलेले आहेत. पण वाटा नाही म्हणून नाते नाही, असे कुठेच म्हटलेले नाही. आपण मात्र वाट्याच्या भीतीने नात्याचेच दार लावतो.

आमच्या घरात तेच झाले होते. छोट्या दादीने आयुष्य वाट पाहण्यात काढले. 1939 च्या कायद्याने नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसलेल्या मुस्लिम बाईला न्यायालयातून निकाह रद्द करून घेता येतो. हे गावात कोणी तिला सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी तिने ते केले असते का, कोण जाणे. ती गेल्यावर ट्रंक तिच्या नातवाकडे, म्हणजे आमच्या भाईजानकडे गेली. एकदा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘राहू दे. उद्या कोणी विलायतेहून बागेत हिस्सा मागायला आलं तर?’’ आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. लिव्हरपूलला जाण्यापूर्वी आम्हालाही ते शहाणपणाचे वाटले होते.

गावी परतल्यावर भाईजानकडे गेलो. नॅनची आणि तिच्या भावाची सगळी हकीगत सांगितली, दुधाच्या चहासह. ते ऐकत राहिले. मग स्वतःच माळ्यावर चढले. वय झाले आहे, आम्ही नको म्हणत होतो. ट्रंकेच्या तळाशी, नोकरीच्या पुस्तकाखाली, कपड्यात गुंडाळलेला फोटो निघाला. छोटे दादाजी खुर्चीवर, शेजारी एक गोरी बाई उभी, तिच्या कडेवर लोकरीची टोपी घातलेले बाळ. मुलगा की मुलगी, कळत नाही. दादीने फोटो कापला नव्हता. मागे फोटोवाल्याच्या दुकानाचा शिक्का आणि रस्त्याचे नाव आहे, अर्धे पुसलेले.

त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती भाच्याला पाठवल्या आहेत. नॅन म्हणते, जुन्या नोंदींच्या कचेरीत ती स्वतः जाऊन विचारील, तिला तिथले सगळे ओळखतात. अजून काही हाती लागलेले नाही. ते बाळ आज हयात असेल तर नॅनपेक्षाही मोठे असेल. निकाह झाला होता की नाही, त्या बाईला गावाकडच्या बीवीची माहिती होती की नाही, यातले काही कळेल याची खात्री नाही. जे कळेल ते कदाचित गोडही नसेल.

आमच्या वाचक भावा-बहिणींना एकच विनंती. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. कोणी आफ्रिकेत राहिले, कोणी आखातात, कोणी फाळणीत कराचीला गेले, कोणाचे नाव लग्नामुळे घरात घेतले जात नाही. घरातली थोरली माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि नावे लिहून घ्या, बायकांची आणि मुलींचीही. भेट होईल न होईल, ते अल्लाहच्या हाती.

त्या दिवशी निघताना भाईजान आमच्याबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत आले. बागेचा विषय त्यांनी काढला नाही. एवढेच म्हणाले, ‘‘ते सापडलं तर मला काय लागेल ते? काका की फुफी?’’